बराकीत वाचायचं पवित्र शास्त्र: कोणती प्रत, कोणती पानं

तुरुंगातल्या ख्रिस्ती बंद्यांना भेटायला जाणाऱ्यांच्या पिशवीत बहुधा बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं नेहमीचं मराठी 'पवित्र शास्त्र' असतं. बोलणं सुधारायचं आणि धीर धरायचा, एवढ्या दोनच गोष्टींसाठी ते बंद्याच्या कितपत कामाला येतं, याचा हा आढावा. थोडक्यात मत असं: मजकूर उत्तम, या दोन विषयांना तर फारच उत्तम. पण हजारावर पानांचा जाड ग्रंथ पहिल्याच भेटीत देऊ नये. नवा करार (बायबलचा येशूपासून सुरू होणारा भाग) आणि त्याला जोडलेली स्तोत्रसंहिता व नीतिसूत्रे, अशी छोटी प्रत मिळत असेल तर तीच घ्यावी.

आधी प्रतीबद्दल. घरी आवडतं ते चेनचं कव्हर इथे नको. धातूची चेन झडतीत अडते आणि कव्हर दाराशीच राहतं. साधं कागदी किंवा रेक्झिनचं वेष्टन पुरे. बायबलचा कागद पातळ असतो, तो पावसाळ्याच्या दमटपणात पानापानाला चिकटतो. त्यातून तोच कागद विडी वळायलाही सोयीचा, त्यामुळे न मागता वाटलेल्या प्रतींची पानं कमी होत जातात. ज्याने मागितलं त्यालाच द्यावं. कोणाच्याही श्रद्धेवर दडपण येऊ नये, यासाठीही हाच नियम बरा. आत चिठ्ठी, फोटो, फोन नंबर, पेन्सिलीच्या खुणा काही ठेवू नये, तपासणाऱ्याला प्रत्येक खूण म्हणजे निरोप वाटू शकतो. अधीक्षकांची परवानगी आधी घ्यावी. वयस्कर बंद्यासाठी मोठ्या टायपाची प्रत शोधावी. बराकीतल्या दिव्याखाली बारीक अक्षर लागत नाही.

आता मजकूर. नव्या करारातल्या इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातली 29वी ओवी, म्हणजे वचन, या विषयाचा कणा आहे: 'तुमच्या मुखातून कसलेही कुजके भाषण न निघो.' इथे 'कुजके' हा शब्द ठेवणाऱ्या भाषांतरकारांचे आभार मानावेत तेवढे थोडे. मूळ ग्रीक शब्द 'साप्रोस', सडलेला, टाकाऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानात जाळ्यातली टाकाऊ मासळी बाजूला काढतात, तिथे हाच शब्द येतो. इथे नुसतं 'अपशब्द' म्हटलं असतं तर बंदी म्हणाला असता, 'मी शिवी देत नाही, माझं काम झालं.' पण उद्या ज्याची तारीख आहे त्याला आज रात्री 'तुझा जामीन काही होत नाही' असं सांगणं, यात एकही शिवी नाही, आणि ते पुरेपूर कुजकं आहे. त्या माणसाची रात्र सडते. हे उदाहरण बराकीत लगेच पटतं.

या ओवीजवळच कलस्सैकरांस पत्र 4:6 (चौथा अध्याय, सहावी ओवी) ठेवावं: बोलणं कृपायुक्त आणि मिठाने रुचकर केल्यासारखं असावं. मीठ चवीसाठी आहेच, पण वसईपासून कोकणपट्टीपर्यंत ज्याने मासळी खारवलेली पाहिली आहे, त्याला मीठ सडणं थांबवतं हे समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही पत्रं पौलाने, येशूच्या एका प्रेषिताने, बंदिवासातून लिहिलेली. 'माझी बंधने आठवा' असं तो कलस्सैकरांच्या शेवटी म्हणतो. ही गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगावी, ऐकणाऱ्यांची बसण्याची पद्धत बदलते.

चुकतं कुठे, तर फक्त पहिला अर्धा भाग शिकवण्यात. 'कुजकं बोलू नका' एवढ्यावर थांबलं की माणूस दोन दिवस गप्प राहतो आणि तिसऱ्या दिवशी साठलेलं सगळं बाहेर पडतं. ओवीचा दुसरा भाग गरज पाहून, समोरच्याची उन्नती होईल असं बोलायला सांगतो. म्हणून सराव वाक्यांचा करून घ्यावा. भांडणं बहुतेक झोपायच्या जागेवरून आणि पाण्याच्या रांगेवरून होतात, तेव्हा वाक्यही तिथलंच घ्यावं. 'ए, सरक तिकडे' याच्या जागी 'दादा, पाठ टेकायला वीतभर जागा द्या.' दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणायला लावावीत, आधी पहिलं, मग दुसरं. नीतिसूत्रे 15:1, मृदू उत्तराने कोपाचं निवारण होतं, ही ओवी या सरावानंतर वाचावी, आधी नाही. आधी वाचली की ती भिंतीवरची पाटी होते.

एक सावधगिरी. 29व्या ओवीच्या आधीची 28वी ओवी चोरी करणाऱ्याने पुन्हा चोरी करू नये, अशी सुरू होते. गटात कोणी ती वाचली आणि नजर शेजाऱ्यावर टाकली की बैठक मोडते. ती गाळू नये, पण अर्धी सोडूही नये. आपल्या हातांनी काम करून गरजवंताला द्यायला आपल्याजवळ काही असावं, इथे ती संपते. शेवटपर्यंत वाचली की आरोप करणारी तीच ओवी आधार देते. तसंच, रागात असताना सूर्य मावळू नये (4:26), हे बाहेर सुभाषितासारखं वाटतं. आत संध्याकाळी मोजदाद होऊन बराक बंद होते आणि ज्याच्याशी भांडण झालं तोच हातभर अंतरावर झोपतो. तेव्हा समेट बराक बंद व्हायच्या आत, असा साधा नेम गटाने ठरवावा.

धीर या विषयावर बहुतेक जण नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातला पावसाची वाट पाहणारा शेतकरी घेतात. उदाहरण छान आहे, पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ते उलटं वाटतं. पॅलेस्टाईनमध्ये पाऊस हिवाळ्यातला: पहिला पेरणीच्या वेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, शेवटचा दाणा भरताना मार्च-एप्रिलमध्ये. एवढं दोन वाक्यांत सांगितलं की मधले महिने मोजता येतात.

तरी न्यायाधीन बंद्यासाठी त्याहून जवळचं काही याच पुस्तकात आहे. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत दर चारांतले तीन बंदी न्यायाधीन होते, म्हणजे शिक्षा न ठरता वाट पाहणारे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, तुरुंगातल्या योसेफाला सुटून गेलेला प्यालेबरदार (फारो राजाला पेला देणारा सेवक) विसरतो आणि पूर्ण दोन वर्षं जातात. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात फेलिक्स हा रोमी सुभेदार पौलाला कैसरियात दोन वर्षं निकालाविना ठेवतो, वर पैसे मिळतील अशी आशाही धरतो (24:26-27). इथे आवाज न चढवता सांगायची गोष्ट अशी की दोघेही हात बांधून बसले नाहीत. योसेफाने 'फारोपाशी माझी गोष्ट काढ' म्हटलं, पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. धीर म्हणजे अर्ज न करणं, असा अर्थ कोणी लावत असेल तर तो चुकीचा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. याकोबाचा पाचवा अध्याय वाचून झाला की ही माहितीही त्याच बैठकीत द्यावी.

भाषेची अडचण खरी आहे. 'तेणेकरून', 'कृपादान', 'उन्नतीकरता' हे शब्द अडखळत वाचणाऱ्याला जड जातात. एका बैठकीला एकच ओवी, एकाने वाचायची, दुसऱ्याने आपल्या बोलीत सांगायची, मग सगळ्यांनी पाठ म्हणायची, असं केलं तर निभतं. वीस मिनिटं पुरतात. बैठक घेणाऱ्याने तयारीसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' जवळ ठेवावं, सोपा शब्द तिथे चटकन सापडतो. पाठांतराला मात्र बायबल सोसायटीचं जुनंच भाषांतर, कारण रविवारी उपासनेत तेच कानावर पडतं आणि घरचे मुलाखतीला आले की त्यांनाही तीच ओवी येत असते.