एका गुंठ्यातलं घर आणि पोकळ भिंती: उन्हाळा-पावसाळ्यानंतर

कोल्हापुरात एका गुंठ्यावर, म्हणजे १०८९ चौरस फुटांत, सामासिक अंतर (प्लॉटच्या कडेने मोकळी सोडायची जागा) सोडून उरलेल्या जागेत खाली-वर असं घर बांधलं. भिंती रॅट-ट्रॅप पद्धतीच्या, म्हणजे आतून पोकळ; स्लॅब फिलर प्रकारचा, म्हणजे काही काँक्रीटच्या जागी कौलं घातलेला. उन्हाळा आणि पाऊस दोन्ही काढलेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

रॅट-ट्रॅपमध्ये वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावतात, म्हणून नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात, पण ती सगळी बचत खिशात पडत नाही. भट्टीची वीट हाताने पाडलेली. एक लांब, दुसरी कोपऱ्याला तुटकी. त्यामुळे निवडायला एक बिगारी कायम बसवावा लागला. गवंड्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "आवो, पोकळ भित कुणी बांधतंय व्हय?" आपण चहाला गेलो की तो पोकळीत माल भरून मोकळा! घरातलं कुणीतरी साइटवर उभं राहणार असेल तरच या वाटेला जा.

एप्रिलमध्ये दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावला तर कोमट, चटका नाही. वरच्या मजल्यावर मात्र रात्री उकडायचंच. फिलर स्लॅबमध्ये खालच्या भागात काँक्रीटऐवजी मंगलोरी कौलं घातली आहेत (तिथला ताण लोखंड घेतं, काँक्रीट नुसतं वजन). वजन आणि सिमेंट कमी झालं, तरी ऊन थेट डोक्यावरच ना. गच्चीला पांढरा थर दिल्यावर फरक पडला.

पावसाची झड लागली तेव्हा पश्चिमेच्या खिडकीखाली ओल आली. तिथे भिंत भरीव आहे, पोकळी नाही. शेवटी तेवढ्या बाजूला बाहेरून गिलावा केला. उघडी वीट दिसायला छान, पण कोल्हापूरच्या पावसात सगळीकडे नको.

सगळ्यात कटकट खिळ्या-स्क्रूची. ड्रिल दोन-तीन इंच जातं आणि एकदम हवेत. प्लग आत गरगर फिरतो. फोटो, घड्याळ चालतं. गिझरची जागा आर्किटेक्टने आधीच काँक्रीटने भरून घेतली होती म्हणून तो टिकून आहे. किचनची कपाटं, पंख्याचे हूक, वायरिंगचे पाइप, सगळं बांधकामाआधी कागदावर हवं.

शेजारच्या प्लॉटवाल्यांनी परवा आमच्या गवंड्याचा नंबर नेला. आता तोच त्यांना पोकळीचे फायदे समजावतोय, दर वाढवून.