विहिरीत सोडायचा लोहचुंबक: घ्या, पण सोन्याची आशा सोडा

नाशिकला गोदाघाटावर पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात, त्याचंच हे दणकट रूप. निओडिमियम या धातूच्या मिश्रणाचा, वर कडी असलेला. आमच्या मळ्यातल्या विहिरीतून पत्र्याची बादली, पाना आणि हरवलेला कोयता निघाला. आई कोयत्यावर भलतीच खूश! खोक्यावरचा '१०० किलो' हा पकडीचा आकडा जाड, सपाट, स्वच्छ पोलादासाठी असतो. गंजलेल्या, चिखलातल्या लोखंडाला पकड बरीच कमी. स्टेनलेस स्टीलचे रुपया-दोन रुपये चिकटतात, पितळी पाचचं नाणं नाही. सोनं-चांदी तर विसराच. सोबतची दोरी भिकार, आधी ती बदला. कडीचे आटे सैल होतात, दर वेळी आवळा. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र लांबूनच बघावं.