वेळासचा कासव महोत्सव : दोन रात्री राहा, एक पुरत नाही

मी कराडजवळच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. मार्चमध्ये आठवी-नववीची चौदा मुलं घेऊन आम्ही दोन शिक्षिका रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला, कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला गेलो. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, खेड, मंडणगड करत पोचेपर्यंत मुलं गाडी लागून पार गळाली होती. पण गावात ज्या घरी उतरणार होतो तिथे पानं मांडलेलीच होती. गरम भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी. वेळासला हॉटेल शोधू नका, गावातल्या घरांतच उतरा. ज्या समुद्रावर कासव येतं, त्या गावाला त्याचे चार पैसे मिळतात ते याच घरांमधून.

पूर्वी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी इथे सर्रास उकरून नेत. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि 2006 पासून महोत्सव भरू लागला. आज किनाऱ्यावरचं काम गावची माणसंच बघतात.

पहिल्या संध्याकाळी एकही पिल्लू निघालं नाही. त्या दिवशी एका सहल कंपनीची बस आली होती आणि त्या लोकांना म्हणे "कासव नक्की दिसणार" असं सांगून आणलं होतं. त्यांनी कासवमित्रांशी, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावच्या माणसांशी, हुज्जत घातली. मला फार वाईट वाटलं. वाळूखालची अंडी काय कुणाच्या रविवारच्या सोयीने फुटतात? साधारण 45 ते 60 दिवस लागतात, थंडी लांबली तर आणखी.

पण त्याच रिकाम्या संध्याकाळी आमच्या मुलांना सगळ्यात जास्त मिळालं. गर्दी पांगल्यावर एक कासवमित्र, कॉलेजात शिकणारा गावचाच मुलगा, हॅचरीच्या, म्हणजे अंडी पुरून राखायच्या कुंपणाच्या, जाळीपाशी आमच्याजवळ आला. पहाटे अंधारात किनारा कसा चालायचा, मादीचा माग वाळूत कसा ओळखायचा, काठीने हलकेच टोचून भुसभुशीत जागा कशी शोधायची, ते त्याने वाळूत आखून दाखवलं. दीड-दोन फुटांवर शंभराच्या आसपास अंडी. ती वरची खाली न करता, जशीच्या तशी काढून हॅचरीत तेवढ्याच खोल पुरायची, कारण बाहेर कोल्हे-कुत्रे टपलेले असतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर, हे ऐकल्यावर माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "मग उन्हाळा वाढत गेला तर सगळ्या मुलीच?" तो म्हणाला, "तीच काळजी आहे." पाठ्यपुस्तकातून मी हा प्रश्न वर्गात कधी उभा करू शकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हॅचरीतल्या घरट्यावर झाकलेली टोपली उचलली आणि खाली अकरा पिल्लं! बशीएवढीसुद्धा नाहीत, ओल्या पाटीच्या रंगाची. त्यांना पाण्यापासून थोडं अलीकडे सोडतात, कारण ती वाट त्यांची त्यांनीच चालायची असते. एक सारखं उलटं वळत होतं. दोरीमागे आमची चौदा मुलं श्वास धरून उभी. कुणीही हात पुढे केला नाही. लाट आली, ते उचललं गेलं, आणि आमच्या वर्गातला सगळ्यात दंगेखोर मुलगा रडायला लागला.

जाणाऱ्यांसाठी थोडं सांगते. शनिवार-रविवार टाळा. सकाळ-संध्याकाळ धरून तीन-चार वेळा किनाऱ्यावर जाता येईल असं राहा. फ्लॅश बंद ठेवा. दोरीच्या पुढे पाऊल टाकू नका, चुकून वर आलेलं पिल्लू पायाखाली येऊ शकतं. दुपारी बाणकोटचा किल्ला बघून होतो.

आमच्या मुलांनी त्या कासवमित्राला जूनमध्ये शाळेत बोलावलं आहे. त्याच्या एसटीच्या भाड्यासाठी वर्गणी काढली, ती तीनशे ऐंशी रुपये झाली आहे. कमी पडतील ते मी घालणार आहे, पण मुलांना अजून सांगितलेलं नाही.