रामबागेतली अंदाजपत्रकाची शिकवणी : चार रविवारांचा अनुभव

मी मध्य प्रदेशातल्या एका छोट्या नगर परिषदेत लेखा शाखेत आहे. गाव धार रस्त्यावर, इंदूरच्या गंगवाल बस स्टँडपासून सव्वा तास. २०२४ च्या दिवाळीनंतरचे चार रविवार मी इंदूरच्या रामबागेत एका निवृत्त लेखापरीक्षकांकडे नगरपालिकेचं वार्षिक अंदाजपत्रक करायला शिकले. सकाळी दहा ते एक, फी दीड हजार. शिकवणं मराठीत, कागद सगळे हिंदीत, कारण आमची कार्यालयं हिंदीत चालतात. अशी शिकवणी असते हेच पुष्कळांना माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गेले त्याचं कारण सांगते. त्या वर्षी आमच्या सफाई कामगारांचा पगार दोन महिने थकला होता. एक मावशी रोज झाडू दाराशी टेकवून माझ्या टेबलापाशी यायच्या आणि एवढंच विचारायच्या, "मॅडम, आज आले का?" अंदाजपत्रकात पगाराची रक्कम पूर्ण होती, मंजूर होती, आणि बँकेत पैसे नव्हते. असं कसं होतं ते मला सांगता येईना. सात वर्षं अंदाजपत्रक मीच टाइप करत होते. मागच्या वर्षीचे आकडे घ्यायचे, दहा टक्के चढवायचे, जमा आणि खर्च जुळवायचे. मला दुसरं कुणी शिकवलंच नव्हतं.

सरांची सगळी नोकरी स्थानीय निधि संपरीक्षेत, म्हणजे नगरपालिकांसारख्या संस्थांचे हिशेब तपासणाऱ्या सरकारी खात्यात झाली. कितीतरी नगरपालिकांच्या रोकडवह्या त्यांनी तपासल्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी खर्चाचं पान उघडूच दिलं नाही. फळ्यावर चार रकाने आखले: मागच्या वर्षी प्रत्यक्ष काय झालं, यंदा काय मंजूर होतं, यंदा आजवर प्रत्यक्ष किती आणि मार्चअखेर किती होईल, आणि मग पुढचं वर्ष. "तिसरा रकाना भरल्याशिवाय चौथ्याला हात लावायचा नाही." नोव्हेंबरात सात महिन्यांचे आकडे हाती असतात, तेवढ्यावर कच्चं करायचं. जानेवारीत डिसेंबरपर्यंतचे घालून पक्कं. परिषदेपुढे मार्च संपायच्या आत जायचं असतं, म्हणून सुरुवात फेब्रुवारीत करून भागत नाही. आम्ही दर वर्षी फेब्रुवारीतच करायचो.

त्या पहिल्या दिवसाचा उरलेला अर्धा भाग एकाच उदाहरणावर गेला, आणि माझे दीड हजार तिथेच वसूल झाले. समजा मालमत्ता कराची चालू मागणी ४० लाख, जुनी थकबाकी ६० लाख. मागणीपत्रकावर बेरीज एक कोटी. गेल्या तीन वर्षांची वसुली २२, २४ आणि २३ लाख. पुढच्या वर्षाच्या जमेत किती लिहाल? आमच्यातल्या बहुतेकांनी एक कोटी लिहिलं. मीही. कुणी 'जरा कमी करून' साठ लाख. सरांनी २५ लिहिले आणि विचारलं, "उरलेल्या ७५ लाखांचं काय होतं?" मग एकेक पायरी त्यांनीच उलगडली. जमेत कोटी दिसला की खर्चालाही तेवढीच मंजुरी मिळते. नाली, पेव्हर ब्लॉक, कमान यांचे कार्यादेश निघतात. कामं होतात, बिलं येतात, आणि त्यांच्यासाठी पैसे मुळात नव्हतेच. खातं एकच. जो रोज येऊन बसतो, फोन करवतो, त्याचं बिल आधी निघतं. झाडूवाली मावशी फोन करवू शकत नाही.

मी वहीत ते २५ दोनदा गिरवले. आमच्या गावात काय घडलं होतं ते मला तेव्हा कळलं.

त्याच ओघात महिन्यांचा तक्ता आला. आमच्याकडे कराची वसुली वर्षभर सारखी होत नाही. लोक मार्चमध्ये भरतात, नाहीतर अधिभारात सूट मिळते म्हणून नॅशनल लोक अदालतीच्या दिवशी रांग लावतात. पगार मात्र बाराही महिने. म्हणून वर्षाची बेरीज जुळली तरी ऑगस्ट-सप्टेंबर कोरडे जातात. सरांनी प्रत्येकाला आपल्या गावाचे बारा रकाने घरून भरून आणायला लावले. माझ्या कागदावर ऑगस्टखाली लाल आकडा आला.

शासनाकडून येणाऱ्या पैशांचा भाग दुसऱ्या रविवारी झाला. मध्य प्रदेशात चुंगी, म्हणजे जकात, १९७६ मध्ये बंद झाली आणि तिच्याऐवजी शासनाकडून चुंगी क्षतिपूर्ती, म्हणजे भरपाई मिळते. छोट्या नगर परिषदांचे पगार बहुतांशी त्याच रकमेवर उभे असतात. विजेची थकबाकी बऱ्याचदा त्यातूनच वरच्या वर कापली जाते आणि उरलेली रक्कम खात्यात येते. आम्ही तीच उरलेली रक्कम जमा लिहायचो. म्हणजे विजेवर गेलेला पैसा आमच्या पुस्तकात जमेतही नाही आणि खर्चातही नाही! पूर्ण रक्कम जमेला, कापलेली रक्कम वीजखर्चाला, एवढी एक दुरुस्ती. ती केली तेव्हा वीज हा आमच्या परिषदेचा पगारांखालोखालचा सर्वांत मोठा खर्च आहे हे मला पहिल्यांदा दिसलं.

केंद्राच्या वित्त आयोगाच्या अनुदानाबद्दलही डोळे उघडले. पंधराव्या आयोगाने आमच्यासारख्या गावांसाठी साठ टक्के रक्कम बांधलेली ठेवली होती, निम्मी पिण्याच्या पाण्याला आणि निम्मी स्वच्छता-घनकचऱ्याला. उरलेले चाळीस टक्के मोकळे, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. आमच्याकडे 'अनुदान आलं की पगार काढू' असं सर्रास बोललं जायचं. शिवाय २०२५-२६ हे या आयोगाचं शेवटचं वर्ष, तेव्हा त्याच्या पुढच्या वर्षी तोच आकडा डोळे मिटून उतरवू नका, हे सरांनी तीनदा सांगितलं.

तिसरा रविवार विजेचा. मला सगळ्यात आवडलेला. सरांनी इंदूरचंच उदाहरण घेतलं. नर्मदेचं पाणी जलूद गावाहून सुमारे सत्तर किलोमीटरवरून पंपाने चढवून आणावं लागतं. तो वीजखर्च कमी करायला इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाला उपयोगी कामासाठी घेतलेलं कर्ज) थेट लोकांसाठी काढले, जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला. "एवढं मोठं शहर पंपाच्या बिलावर इतका विचार करतं, आणि तुम्ही बिल फाइलला लावून मोकळे होता," असं म्हणून त्यांनी खडू माझ्या हातात दिला. वीस अश्वशक्तीचा पंप. एक अश्वशक्ती ०.७४६ किलोवॉट, म्हणजे १४.९२ किलोवॉट. रोज दहा तास चालला तर सुमारे १४९ युनिट, वर्षाला ५४ हजारांच्या वर. आता बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा. युनिट फार जास्त निघाले तर पंप थकलेला आहे, किंवा नोंदवहीतले तास खरे नाहीत. तसंच रस्त्यावरच्या दिव्यांचं: २४ वॉटचे हजार दिवे अकरा तास, रोज २६४ युनिट. विजेचा अंदाज गेल्या वर्षावर टक्के चढवून करायचा नसतो, तो पंप आणि दिवे मोजून करायचा असतो. मी सोमवारी ऑफिसात जाऊन खरोखरच पंप मोजले. यादीत नऊ होते, चालू सात.

पगार, डिझेल, निवृत्त होणाऱ्यांची ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे, ठेकेदारांची मागची देणी आधी लिहिणं, हे सगळं झालं, नीट झालं.

चौथा रविवार मला कमी पडला. दुहेरी नोंद, उपार्जित पद्धत (पैसे हाती येण्याजाण्याआधीच येणं-देणं नोंदवायची) आणि एक्सेल हे तीन विषय तीन तासांत कोंबले. दहाजणांच्या खोलीत आम्ही बावीसजण होतो आणि लॅपटॉप एक. मागे बसलेल्यांना पडदा दिसत नव्हता. झेरॉक्स इतक्या फिकट की काही आकडे मला शेजारणीच्या प्रतीवरून उतरवावे लागले. जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. उज्जैनहून आलेल्या एका वयस्क दादांना दर मजल्यावर थांबावं लागायचं. माझी आणखी एक मागणी आहे: जमा कमी दाखवल्यावर अध्यक्ष आणि पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, कसं समजवायचं, यावर अर्धा तास तरी हवा. लेखा शाखेतल्या माणसाची खरी परीक्षा तिथेच असते. सरांना हे सांगितलं, त्यांनी वहीत टिपून घेतलं.

मधल्या सुट्टीत सरांकडच्या काकू सगळ्यांना शेव आणि जिरावण (इंदुरी मसाला) घातलेले पोहे द्यायच्या. बाहेरगावहून पहाटे निघालेल्यांना त्याचं मोल फार.

ऑफिसात पुढे काय झालं तेही लिहायला हवं, नाहीतर अभिप्राय अर्धा राहील. जानेवारीत मी राजस्व शाखेकडून, म्हणजे करवसुली पाहणाऱ्या शाखेकडून, वॉर्डवार तीन वर्षांची वसुली मागून घेतली आणि मालमत्ता कराची जमा निम्म्याहून खाली आणली. सीएमओ (मुख्य नगरपालिका अधिकारी) साहेब दोन दिवस नाराज होते, अंदाजपत्रक लहान दिसेल म्हणून. मग मी त्यांच्यासमोर बारा महिन्यांचा तक्ता ठेवला आणि ऑगस्टवर बोट ठेवलं. त्यांनी तो तक्ता स्वतः प्रेसिडेंट-इन-काउन्सिलच्या, म्हणजे अध्यक्ष आणि काही पार्षदांच्या समितीच्या बैठकीत नेला. एक कमान आणि दोन गल्ल्यांचे पेव्हर ब्लॉक त्या वर्षातून गळले. ज्या वॉर्डातल्या गल्ल्या गेल्या तिथले पार्षद अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, आणि त्यांचा राग मला समजतो. त्यांनाही मतदारांना तोंड द्यायचं असतं. पण २०२५ च्या एप्रिलपासून दिवाळीपर्यंत सफाई कामगारांचे पगार दहा तारखेच्या आत झाले. फक्त ऑगस्टचा एकोणीसला झाला.

लेखा शाखेत नवीन असाल, किंवा पहिल्यांदा पार्षद झाला असाल आणि ते जाड पुस्तक हातात आल्यावर काय वाचावं कळत नसेल, तर जरूर जा. संगणकावरचं लेखांकन शिकायचं असेल तर दुसरीकडे पाहा. पुढच्या तुकडीत आमच्या जलप्रदाय (पाणीपुरवठा) शाखेतल्या मुलाला मी पाठवते आहे. त्याला सांगून ठेवलंय, बारा महिन्यांची वीजबिलं आणि पंपाच्या नोंदवहीची झेरॉक्स सोबत ने, आणि झेरॉक्स गडद काढ.