.२२ हॉर्नेट : पुंगळ्या, पावडर, प्रायमर, गोळ्या, काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

.२२ हॉर्नेटची रायफल हातात आली की माणूस पहिल्यांदा दुकानातल्या गोळ्यांच्या कपाटापुढे जाऊन उभा राहतो. लाल टोकाच्या, निळ्या टोकाच्या, चकचकीत डब्यांतल्या गोळ्या बघून खिसा तिथेच हलका होतो. माझा हिशेब उलटा आहे. हॉर्नेट हे रायफलीचं छोटं काडतूस, आणि काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्यात पावडर, बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, तोंडाशी गोळी. हॉर्नेटसाठी स्वतः काडतुसं भरणार असाल तर पैसे आधी पुंगळ्यांत घाला, मग पावडरीत. गोळ्या उरलेल्या पैशात येतात आणि चांगल्या येतात.

आधी माझी गरज सांगतो, नाहीतर शिफारशीला काही अर्थ नाही. मी पिट्सबर्गच्या उत्तरेला राहतो. ओळखीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे सोयाबीन आणि गवताची कुरणं आहेत, आणि तिथे ग्राउंडहॉगचा नुसता सुळसुळाट आहे. मांजराएवढा, जाडजूड, बिळं करून राहणारा हा प्राणी. दर २ फेब्रुवारीला पंक्ससटॉनी गावात त्याच्या सावलीवरून हिवाळा किती उरला ते ठरवतात, टीव्हीवाले येतात, उंच टोप्या घातलेली मंडळी त्याला हातात घेऊन मिरवतात. उरलेलं वर्षभर त्याचे भाऊबंद गोठ्याच्या पायाखाली भुयारं खणतात, कोवळं सोयाबीन फस्त करतात, आणि त्यांच्या बिळात ट्रॅक्टरचं चाक नाहीतर गाईचा पाय जातो. पल्ला १०० ते १५० यार्ड, आजूबाजूला घरं आणि गुरं. कानठळ्या बसवणारी, दूरवर जाणारी रायफल तिथे नकोच. म्हणून हॉर्नेट. माझी सीझेड ५२७ आहे, सेकंडहँड घेतलेली. कंपनीनं आता हे मॉडेल बंद केलंय.

हे काडतूस जुनं आहे. १८८५च्या .२२ विंचेस्टर सेंटर फायर या काळ्या दारूच्या काडतुसावरून १९२०च्या दशकात स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातल्या हौशी लोकांनी ते घडवलं. १९३०मध्ये विंचेस्टरनं तयार काडतुसं विकायला काढली तेव्हा त्यासाठी बनवलेली रायफल बाजारात नव्हती! पुढे अमेरिकेच्या हवाई दलानं वैमानिकांना आणीबाणीसाठी द्यायच्या घडीच्या बंदुकांतही तेच घेतलं. एवढा इतिहास पुरे, पण एक गोष्ट त्यातूनच आली आहे आणि ती आपल्या कामाची आहे: पुंगळीची भिंत पातळ आहे. आजच्या .२२३ रेमिंग्टन या मोठ्या काडतुसाची पुंगळी हाताळायची सवय असलेल्याला हॉर्नेटची मान, म्हणजे गोळी धरणारा तोंडाकडचा भाग, पहिल्यांदा दाबताना धडकीच भरते.

मान दुमडते कशी, ते एकदा बघून ठेवा. प्रेसमध्ये, म्हणजे काडतूस भरायच्या दांड्याच्या यंत्रात, पुंगळी उभी केली, वर सपाट बुडाची गोळी टेकवली, दांडा खाली ओढला. गोळीचं बूड जरा तिरकं बसलं असेल तर ते पुंगळीच्या ओठाला अडकतं. हाताला काहीच जोर लागल्यासारखं वाटत नाही. फक्त दांडा नेहमीपेक्षा किंचित मऊ जातो. बाहेर काढून बघावं तर मानेखाली घडी पडलेली. ती पुंगळी भंगारात. उपाय दोन. पुंगळीच्या तोंडाची आतली कड हलक्या हातानं तासायची, आणि गोळी बसवण्याआधी तोंड केसभर उमलवणारी डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसवायचा साचा, वापरायची. दुसऱ्या उपायाला काही डॉलर जास्त पडतात. पुंगळ्यांच्या किमतीत ते कधीच वसूल होतात.

मी पुंगळ्या वेगवेगळ्या ठिकाणच्या वापरल्या. एका कंपनीची पिशवी उघडली तेव्हा बऱ्याच पुंगळ्यांची तोंडं चेपलेली होती आणि प्रायमरच्या खालचं भोक मध्यावर नव्हतं. नाव घेत नाही, पण तेव्हापासून दुकानात पिशवी उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय पैसे देत नाही. सध्या हॉर्नाडीच्या पुंगळ्यांवर स्थिरावलोय. वजनाला एकसारख्या आहेत, मानेची जाडी सगळीकडे जवळपास सारखी आहे, आणि माझ्याकडे त्याच सर्वांत जास्त टिकल्यात. कुठलीही घ्या, पण एकाच वेळी, एकाच लॉटमधली, शक्य तेवढी जास्त घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांत आतली जागा कमी-जास्त असते. मोठ्या काडतुसात तो फरक खपून जातो, हॉर्नेटच्या एवढ्याशा पोटात खपत नाही: तेवढ्याच पावडरीला दाब वेगळा येतो आणि गोळी वेगळीकडे जाते.

टिकण्याचं म्हणाल तर त्यातलं अर्धं श्रेय डायला. हॉर्नेटचं काडतूस बुडाच्या कडेवर टेकतं आणि त्याचा खांदा लांब, उतरता आहे. दर वेळी पुंगळी पूर्ण दाबून मूळ आकारात आणली की पितळ पुढे सरकतं, कडेच्या वर पातळ होत जातं आणि एक दिवस तिथूनच तुटतं. एकाच रायफलीत वापरायच्या पुंगळ्यांची फक्त मान दाबा. ली कंपनीची कॉलेट डाय त्यासाठी स्वस्त आणि मस्त आहे, वंगणही लागत नाही. आणि तरीही अधूनमधून पेपरक्लिपचं टोक वाकवून पुंगळीच्या आत बुडाजवळ फिरवून बघा. खाच लागली की ती पुंगळी बाद, मग बाहेरून कितीही सुंदर दिसो.

पावडरीत माझा कौल हॉजडनच्या लिल्‌गनला. ही खरी .४१० बोअरच्या शॉटगनसाठी काढलेली पावडर, पण हॉर्नेटवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. कारण साधं आहे: पुंगळी जवळजवळ भरते, वेग चांगला मिळतो आणि दाब मर्यादेत राहतो. दाणे बारीक गोल असल्यामुळे मापातून पाण्यासारखी पडते. त्याच घराण्यातली एच-११० पण चालते, मात्र ती पुस्तकात दिलेल्यापेक्षा कमी भरून वापरायची पावडर नाही; कंपनीच तसं बजावते. ॲलायंटची २४०० ही जुनी, ओळखीची. हॉर्नेटमध्ये सेकंदाला २४०० फूट वेग मिळायचा म्हणून तिला ते नाव पडलं असं सांगतात. आजही साधा, सौम्य बार हवा असेल तर तिच्यात खोट नाही, पण लिल्‌गनइतका वेग ती देत नाही.

मापाचे आकडे मी इथे देणार नाही, मागूही नका. हॉजडन आणि हॉर्नाडी दोघांची पुस्तकं आहेत, तुमच्याच गोळीच्या वजनाचं पान उघडा, सुरुवातीच्या मापापासून हळूहळू चढा, आणि पुंगळी, प्रायमर किंवा पावडरीचा लॉट बदलला की पुन्हा खाली उतरा. हॉर्नेटमध्ये पावडर .२२३च्या जवळपास निम्मी मावते. त्यामुळे काट्यावरचा ०.१ ग्रेनचा फरक इथे दुप्पट बोलतो. स्वस्तातला, पंख्याच्या वाऱ्यानं आकडा बदलणारा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊ नका. जुन्या पद्धतीचा दांडीचा काटा बरा. फायदा असा की १ पौंडाचा डबा, म्हणजे ७,००० ग्रेन, ५०० हून जास्त बारांना पुरतो.

कुडाळजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. दारू, चिंधी, छर्रे, गज, वर केप. सगळा मामला मुठीच्या अंदाजाचा, आणि भाताच्या शेतातून डुकरं पळायची हे खरं. काळी दारू तेवढी चूक पोटात घालते. धूरविरहित पावडर घालत नाही. कोकणातून इथे आलेल्या आणि ‘त्यात काय एवढं’ म्हणणाऱ्या एक-दोघांना मी भरणीच्या टेबलाजवळ फिरकू देत नाही. आणि तिकडच्या वाचकांनी हे सगळं फक्त वाचावं: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि दारूगोळा बनवणं हा शस्त्र कायद्यातला परवान्याचा विषय आहे. इथेही एच-वन व्हिसावर असाल तर एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना आधी काढा. त्याशिवाय बंदूकच काय, काडतूस जवळ ठेवणंही फेडरल कायद्यात बसत नाही.

प्रायमरमध्ये लोक फार कीस पाडतात. एवढीशी पावडर पेटवायला जोरदार ठिणगी लागतच नाही, उलट जोरदार ठिणगीनं पावडर पेटण्याआधीच गोळी जागची हलते असं मानणारे बरेच आहेत. म्हणून काही जण पिस्तुलाचे छोटे प्रायमर वापरतात. रेमिंग्टनचा साडेसहा नंबरचा प्रायमर तर या हॉर्नेटसारख्या कमी दाबाच्या काडतुसांसाठीच आहे. त्याची वाटी पातळ आहे आणि .२२३सारख्या जास्त दाबाच्या काडतुसात तो वापरू नका असं खुद्द कंपनी सांगते. घरात दोन्ही रायफली असतील तर हे डबे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. मला सीसीआय ४०० आणि हा साडेसहा नंबर यांत कागदावर सांगण्यासारखा फरक दिसला नाही. जो मिळेल तो घ्या, मात्र पुस्तकात तुमच्या मापासमोर कुठला प्रायमर लिहिलाय ते बघून.

आता गोळ्या. माझी निवड हॉर्नाडीची ३५ ग्रेन व्ही-मॅक्स, म्हणजे सव्वादोन ग्रॅमची. प्लॅस्टिकचं लाल टोक, पातळ जॅकेट. हॉर्नाडीच्या तयार काडतुसात हीच गोळी सेकंदाला ३,१०० फुटांनी निघते. एवढ्या वेगात ती ग्राउंडहॉगला लागली की जागच्या जागी फुटते, जनावर तडफडत नाही, आणि नेम चुकून मातीत गेली तरी उसळून शेजाऱ्याच्या गोठ्याकडे जाण्याचा धोका कमी. घरांजवळ गोळी घालणाऱ्याला हा गुण सगळ्या पुंजक्यांपेक्षा (कागदावर भोकं किती जवळजवळ पडतात त्यापेक्षा) मोठा. लांबीला आखूड असल्यामुळे १६ इंचांत एक वळसा देणाऱ्या हॉर्नेटच्या संथ पिळाच्या नळीत ती व्यवस्थित स्थिरावते आणि माझ्या मॅगझिनमध्ये खळखळ न करता बसते. १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा पुंजका इंचाच्या आत-बाहेर येतो. मला पुरे.

तिचं दुखणं वारा. हवा कापण्याचा तिचा गुणांक फक्त ०.१०९ आहे, त्याच कंपनीच्या ४० ग्रेनच्या व्ही-मॅक्सचा ०.२००. १५० यार्डांच्या पुढे, कुरणावर आडवा वारा असला की ३५ ग्रेनची गोळी भरकटते आणि दुर्बिणीतून ते डोळ्यांना दिसतं. मग ४०ची का घेत नाही? तिचं नाक लांब आहे. नीट लांबीवर बसवली की ती माझ्या मॅगझिनमध्ये मावत नाही, एकेक करून हातानं भरावी लागते. ज्याला कुंपणावर रायफल टेकवून निवांत एकच बार काढायचाय त्यानं खुशाल घ्यावी. ५० ग्रेन आणि त्यापुढच्या टोकदार गोळ्यांच्या वाटेला हॉर्नेटमध्ये जाऊच नका, त्या .२२३साठी सोडा.

सिएराची ४५ ग्रेन हॉर्नेट ही जुन्या धाटणीची, शिशाच्या उघड्या टोकाची गोळी आहे. वेग कमी, फुटणं कमी, कातडी राखायची असेल तर कोल्ह्यासाठी ही बरी. ती दोन व्यासांत मिळते, ०.२२३ आणि ०.२२४ इंच, आणि इथे डबा वाचायलाच हवा: युद्धापूर्वीच्या कित्येक हॉर्नेट रायफलींच्या नळ्या ०.२२३च्या आहेत. आजोळची, सासऱ्यांची अशी जुनी रायफल हाती आली असेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून नळी आधी मोजून घ्या.

हा सगळा खटाटोप केवळ पैसे वाचवायला करणार असाल तर हॉर्नेट सोडून द्या. .२२३ची तयार काडतुसं ढिगानं मिळतात. हॉर्नेटच्या तयार काडतुसाला मात्र एका बारामागे डॉलरहून जास्त जातात, आणि दुकानात ती असतील याचा भरवसा नाही. इथे स्वतः भरण्याला तोटा नाही.

खरेदीबद्दल थोडं. पावडर आणि प्रायमर घरपोच मागवले की धोकादायक मालाचं वेगळं शुल्क लागतं, एका डब्याला असो की दहा डब्यांना. म्हणून आम्ही दोघं-तिघं मिळून एकदाच मागवतो. गोळ्या आणि पुंगळ्यांना ते शुल्क नाही. प्रायमर दिसले की घेऊन ठेवावेत. २०२०नंतर बराच काळ फळ्या रिकाम्या होत्या आणि किमती कुठच्या कुठे गेल्या होत्या. मूळ डब्यातच ठेवा, बाटलीत ओतून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. गावातल्या छोट्या दुकानात दोन पैसे जास्त पडतात, पण काउंटरमागचा माणूस पिशवी उघडून पुंगळ्या दाखवतो, आणि त्याचं तेवढं मी देतो. गन शोमध्ये वापरलेल्या हॉर्नेटच्या पुंगळ्या स्वस्तात दिसतील. कुणी, कुठल्या रायफलीत, किती वेळा, काय भरून उडवल्यात ते विक्रेत्यालाही ठाऊक नसतं. त्या तिथेच राहू द्या.