नौपाड्यातला जीआयएसचा रविवारचा क्लास: फी वसूल झाली ती चौथ्या रविवारी

एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आराखडा नकाशात जिल्हे भरायला मी डोळे मिटून बसेन, पण तोच नकाशा कंप्युटरवर काढायचा म्हटलं की पुण्याला मुलाला फोन. निवृत्तीनंतर शाळेनेच गळ घातली, "बाई, प्रदर्शनासाठी ठाण्याच्या तलावांचा नकाशा करून द्या ना," आणि मी नौपाड्यातल्या जीआयएसच्या, म्हणजे कंप्युटरवर नकाशे आणि त्यांना जोडलेली माहिती हाताळायला शिकवणाऱ्या, एका क्लासमध्ये नाव घातलं. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकूर आहे. सहा रविवार, रोज तीन तास, फी साडेसात हजार. तिसरा मजला, लिफ्ट बंद. पावती मागितल्यावर मिळते.

शिकवणारा मुलगा अठ्ठावीस-तीसचा असेल. मी त्याला 'सर' म्हणायचे, तो मला 'मॅडम'. दुसऱ्या रविवारी चहाच्या वेळी माझ्या डब्यातली कोथिंबीर वडी खाल्ली आणि मी 'काकू' झाले.

पहिले दोन रविवार बटणांचे. सगळं क्यूजीआयएसवर चालतं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, २००२ साली गॅरी शर्मन नावाच्या माणसाने सुरू केलं आणि आता जगभरचे लोक मिळून सांभाळतात. तेव्हा 'सॉफ्टवेअरसहित कोर्स' अशा जाहिरातीला भुलू नका. लेअर (नकाशाचा एकेक थर) कसा आणायचा, ॲट्रिब्यूट टेबल (त्या थरामागचा माहितीचा तक्ता) कसं उघडायचं, हे सर भराभर दाखवतात. आमच्या बारा जणांत सिव्हिलची मुलं होती, त्यांना ते जमलं. मी वहीत लिहून घेत होते तोवर पडदा तीन पावलं पुढे गेलेला असायचा.

तिसऱ्या रविवारी माझी फजिती झाली. २०११ च्या जनगणनेचे तालुकावार आकडे ठाणे जिल्ह्याच्या सीमांना जोडायचे होते. माझ्या आकड्यांत तालुके पंधरा, नकाशात सात. जोडले तर आठ ओळी लटकलेल्या. सर म्हणाले, "काकू, स्पेलिंग बघा." स्पेलिंग कसलं! १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा वगैरे आठ तालुके तिकडे गेले. आकडे फाळणीच्या आधीचे, सीमा नंतरच्या. हे मी सांगितल्यावर सरांनी फळ्यावर लिहून घेतलं, त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी.

आणि मग चौथा रविवार. या एका दिवसासाठी मी हा क्लास दुसऱ्याला सुचवेन.

शाळेत आपण ज्याला क्षेत्रघनी पद्धत म्हणतो, म्हणजे आकड्याप्रमाणे प्रदेश फिक्या-गडद रंगात भरायचे, तोच विषय. सरांनी आम्हाला सात तालुक्यांची नुसती लोकसंख्या रंगवायला लावली, समान अंतराचे पाच गट पाडून, म्हणजे सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत सारख्या मापाचे पाच टप्पे. ठाणे तालुका गडद, कारण त्यात ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर तिन्ही शहरं बसतात. उल्हासनगर आणि शहापूर मात्र एकाच फिक्या रंगात. उल्हासनगरमध्ये पाच लाखांवर माणसं, शहापुरात तीन लाखांच्या आसपास. ठाण्यापुढे दोन्ही किरकोळ. आता उल्हासनगरच्या बॅरेकमध्ये राहिलेल्या कुणालाही विचारा, शहापूर आणि तुमच्याकडे सारखीच वस्ती का हो? तिथे ती पाच लाख माणसं जेमतेम तेरा-चौदा चौरस किलोमीटरमध्ये आहेत, आणि शहापुरात तानसा-भातसाचं पाणी, जंगल नि डोंगर.

मग क्षेत्रफळाने भागायला लावलं. घनता काढून पुन्हा समान अंतर दिलं, तर उल्हासनगर एकटं काळंभोर आणि बाकीचा जिल्हा धुतल्यासारखा पांढरा. तीन गटांत समान संख्येने विभागलं, म्हणजे प्रत्येक गटात जवळपास सारखेच तालुके घातले, तर ठाणे नि उल्हासनगर एका पंक्तीला. नॅचरल ब्रेक्स (आकड्यांत जिथे मोठी दरी, तिथे गट तोडायचा) घेतले की आणखी तिसरंच चित्र. आकडे तेच, तालुके तेच. मी इतकी वर्षं मुलांना 'सूची नीट वाचा' म्हणून ओरडले, पण ती सूची कुणीतरी बसून ठरवलेली असते हे त्यांना कधी सांगितलं नाही. खरं तर मलाच ते इतकं लख्ख दिसलेलं नव्हतं.

रंगांचा तासही त्याच दिवशी. आमच्यातल्या एकाने हौसेने लाल ते हिरवा असा पट्टा लावला होता. शेजारचा, महापालिकेच्या कंत्राटदाराकडे काम करणारा मुलगा म्हणाला, "मला दोन्ही टोकं सारखीच दिसतात." त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. सरांनी लगेच प्रिव्ह्यू मोड उघडला. रंगांधळ्या माणसाला पडदा कसा दिसेल ते क्यूजीआयएस दाखवतं. सगळी खोली गप्प. त्यानंतर आम्ही कलरब्रूअरचे पट्टे वापरायला लागलो. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या सिंथिया ब्रूअर यांनी नकाशांसाठी जुळवलेले हे रंग सॉफ्टवेअरमध्ये तयारच मिळतात. एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा, डोळ्याला शांत.

पाचवा रविवार प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी उतरवायची त्याचा, तो घाईत उरकला. त्यातलं कामाचं एवढंच, की इंटरनेटवरच्या नकाशांचं वेब मर्केटर प्रक्षेपण तसंच ठेवून सपाट क्षेत्रफळ मोजलं, तर आपल्या अक्षांशावर ते सुमारे १२ टक्के जास्त भरतं. माझा मासुंदा तलाव फुगला होता तो त्यामुळे. यूटीएम या पृथ्वीचे उभे पट्टे पाडून केलेल्या प्रक्षेपणातला आपल्याकडचा ४३ उत्तर विभाग निवडला आणि तलाव आपल्या मापात आला. (मासुंद्याच्या काठाने, तलावपाळीवर, रोज फेरी मारते, त्यामुळे माप चुकलेलं मला आधीच कळलं होतं असं नाही, पण शंका आली होती.)

आता कुरकूर. सहाव्या रविवारी प्रिंट लेआउट, म्हणजे छापायच्या नकाशाची कागदावरची मांडणी. मी विचारलं, "सर, नावं मराठीत कशी टाकायची?" उत्तर आलं, "काकू, इंग्लिशमध्येच ठेवा, क्लायंटला तेच लागतं." माझा क्लायंट म्हणजे सातवीचा वर्ग! उरलेलं मी घरी डोकं फोडून केलं, ते इथे लिहून ठेवते.

शेपफाइलमध्ये (नकाशाची माहिती साठवायचा जुना फाइलप्रकार) मराठी लिहू नका. तिच्या रकान्याचं नाव दहा बाइटपलीकडे जात नाही, आणि देवनागरीत एकेका खुणेला तीन बाइट लागतात, काना-मात्रासुद्धा धरून. 'तालुका' लिहायला जाल तर 'ताल' मावतो. जिओपॅकेज या नव्या फाइलप्रकारात साठवा, हा त्रास नाही. फॉन्ट मुक्ता घेतला, फुकट आहे आणि बारीक आकारातही जोडाक्षरं वाचता येतात. नकाशात पाण्याची नावं तिरकी आणि वळणदार लिहायची रीत आहे, म्हणून मी 'ठाणे खाडी' खाडीच्या वळणाने फिरवलं. शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी मोडली, जसं दाराचं तोरण मधेमधे तुटावं. अक्षरांतलं अंतर वाढवलं तरी तेच. शेवटी शाळेतला भिंतीवरचा जुना नकाशा आठवला. त्यात 'अ र बी   स मु द्र' असं एकेक अक्षर सुटं, आपापली रेघ डोक्यावर घेऊन पसरलेलं असतं. तसंच हाताने मोकळी जागा सोडून लिहिलं. छान दिसतं.

कचराळी, सिद्धेश्वर, उपवन, रायलादेवी, सगळी नावं बसली. ए-थ्रीवर छापून घेतलं तेव्हा पडद्यावरचा निळा कागदावर जांभळट आला, म्हणून आधी एक लहान प्रत काढून बघा.

पाचपैकी साडेतीन तारे. नोकरीसाठी शिकणाऱ्या मुलांनी जावं, चौथा रविवार चुकवू नये. माझ्यासारख्यांनी आधी घरी महिनाभर क्यूजीआयएस उघडून चाळा करावा, मग जावं. पहिले दोन रविवार सुसह्य होतील. लॅपटॉप स्वतःचा न्या. माउससुद्धा. माझ्या वाट्याला आलेल्या माउसला एकदा दाबलं की दोनदा कळायचं, आणि उपवनच्या जागी मी दोन उपवन काढून बसले होते.