किटनंतर काय : पेटी, यंत्र की पिशवी?

किटच्या डब्यातला तयार माल्ट-अर्क (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, त्याचा घट्ट रस) पाण्यात ढवळून आठ-दहा वेळा बिअर जमली, की पुढे अख्ख्या धान्यापासून करून पाहावे अशी इच्छा होतेच; लंडनमधल्या माझ्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात मलाही ती झाली. (ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर करण्यास १९६३ पासून परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे स्थिती अगदी वेगळी आहे, हे तिकडच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.) किटची बादली, हायड्रोमीटर (रसातल्या साखरेचा अंदाज देणारे उपकरण) आणि बाटल्या पुढेही चालतात, त्यामुळे प्रश्न उरतो तो एवढाच, की भरडलेले माल्ट तासभर ६५ ते ६८ अंशांवर कशात भिजवायचे आणि त्याचा गोड रस चोथ्यापासून वेगळा कसा करायचा.

सहलीच्या थंड पेटीला तोटी आणि जाळी बसवून केलेले मॅश टन (माल्ट भिजवायचे भांडे) ही जुनी, स्वस्त आणि आजही निर्दोष म्हणावी अशी पद्धत आहे. माझ्याकडच्या उसन्या पेटीत तासाभरात तापमान जेमतेम एक अंश उतरत असे. परंतु चोथा धुण्याचे गरम पाणी एका भांड्यात, मॅश (भिजत घातलेले माल्ट) दुसऱ्यात आणि रसाची उकळी तिसऱ्यात, अशी ओटा, स्टूल आणि जमीन या तीन पातळ्यांवर मांडामांड करावी लागते. शिवाय गव्हाचे प्रमाण वाढवले, तेव्हा पेटीत लापशी होऊन तोटीतून थेंबही येईना. ज्यांच्याकडे गॅरेज आहे त्यांनी तिचा विचार जरूर करावा.

विजेवर चालणारे, सगळे एकाच भांड्यात करणारे यंत्र मला एका मित्राने काही महिन्यांसाठी दिले होते आणि पहिल्या दिवशी मी त्याच्या प्रेमातच पडलो, हे कबूल केले पाहिजे. तापमान ते स्वतः राखते, पंपाने रस वरून पुन्हापुन्हा फिरवते, आणि येथल्या साध्या १३ अँपियरच्या सॉकेटवर चालते. (अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या प्लगवर मोठ्या घाण्याला उकळी येण्यास बराच धीर धरावा लागतो, हे तिकडच्या मराठी मंडळींनी खरेदीपूर्वी पाहावे.) माझे मन मोडले ते रात्री अकरा वाजता. बिअरचा रस थंड करून बादलीत गेलेला, पाठ भरून आलेली, आणि तेव्हा कळते की पंप आणि त्याला जोडलेली नळी हॉप्सच्या (रस उकळताना कडवटपणासाठी घालतात त्या फुलांच्या) हिरव्या गाळाने आतून माखलेली आहे. ती हाताने घासता येत नाही, म्हणून गरम पाण्यात क्लीनर घालून ते फिरवायचे, ओतायचे, आणि साधे पाणी पुन्हा फिरवायचे. एकदा कंटाळून ते काम सकाळवर टाकले, सकाळ ऑफिसच्या गडबडीत गेली, आणि चार दिवसांनी नळी सोडवली तेव्हा आंबलेल्या पेजेचा वास घरभर झाला. दोष यंत्राचा की माझ्या आळसाचा, हा वाद करता येईल. पण आळस माझ्याबरोबर राहणारच होता, यंत्र परत देता येत होते.

आता मी एक मोठे स्टीलचे पातेले आणि जाळीदार कापडाची पिशवी वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी रूढ केलेली ही पद्धत मराठी माणसाला शिकवावी लागत नाही: श्रीखंडासाठी चक्का बांधतो तसेच, फक्त दह्याच्या जागी माल्ट. उणिवा आहेत. गोधडीत गुंडाळूनही पातेल्याचे तापमान तासाभरात तीनेक अंश उतरते, आणि चोथा नीट न धुतल्यामुळे थोडी साखर त्यात राहते. मी माल्ट मूठ-दोन मुठी जास्त घेतो आणि ते बारीक भरडून आणतो, कारण येथे जाळी तुंबण्याची भीती फारशी नसते. खरी अडचण वजनाची आहे. किटच्या सवयीने २३ लिटर करायला गेल्यास पाच किलो माल्ट सुमारे तेवढेच पाणी शोषते, आणि दहा किलोंचे गरम, गळणारे गाठोडे उचलणे हे एकट्याचे काम नव्हे. म्हणून मी घाणा निम्म्यावर, १२ लिटरवर आणला. तेवढे पाणी घरच्या गॅसवर खळखळून उकळतेही. यंत्रातली आणि पिशवीतली बिटर (कडसर इंग्रजी बिअर) पाहुण्यांना शेजारी ठेवून पाजली, तेव्हा कोणालाही फरक सांगता आला नाही. पुरावा म्हणून हे फारसे भक्कम नाही, हे मान्य आहे.

महिन्यातून दोनदा पूर्ण २३ लिटर करणाऱ्याला, आणि रात्री भांडी घासण्याचा कंटाळा नसणाऱ्याला, यंत्रच सोयीचे पडेल. बाकीच्यांनी माझ्या मते आधी पिशवी घेऊन पाहावी, आणि वाचलेल्या पैशांतून एक चांगला थर्मामीटर घ्यावा. मात्र भिजवताना मध्येच गॅस लावण्याची वेळ आली, तर कापड तळाला चिकटून वितळू नये म्हणून पातेल्यात पिशवीखाली एखादी जुनी स्टीलची ताटली पालथी घालायला विसरू नये. माझी पहिली पिशवी तशीच गेली.